दोन वेळा की आठ वेळा? आधी वरणाची वाटी पाहू

"डॉक्टरसाहेब, दोन टाइम जेवू का दर दोन घंट्यानं थोडं थोडं खाऊ?"

वजन कमी करायला आलेला पेशंट खुर्चीवर नीट बसायच्या आत हा प्रश्न विचारतो. गेली कित्येक वर्षे जुन्या शहरातल्या दवाखान्यात हाच प्रश्न मी ऐकतो आहे आणि प्रत्येक वेळी माझे उत्तर लोकांना जरा निराश करते. ते उत्तर आज सविस्तर लिहितो.

हा वाद कुठून आला ते आधी पाहू. विदर्भातल्या जुन्या मंडळींना डॉ. श्रीकांत जिचकार आठवत असतील. पदव्यांचा डोंगर असलेला, राजकारणात रमलेला हा नागपूरचा माणूस आहारावर व्याख्याने देत असे. दिवसातून दोनदाच जेवा, मधल्या वेळेत काही खाऊ नका, हे त्यांचे सांगणे. २००४ साली अपघातात ते गेले. हाच विचार पुढे लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात काम केलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी नेटाने मांडला आणि २०१८ च्या सुमारास तो घराघरात पोहोचला. कडक भूक लागेल त्या दोन वेळा ओळखा, त्या वेळी पंचावन्न मिनिटांत जेवण आटपा आणि रोज पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला, अशी ती योजना. दुसऱ्या बाजूला मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर. घरचे, हंगामातले, आपल्या मातीतले खा, तूप-भाताला घाबरू नका, थोडे थोडे आणि वेळेवर खा, हा त्यांचा आग्रह. मग काय, लग्नाच्या पंगतीत दोन गट पडू लागले. एक व्याही पंचावन्न मिनिटे मोजतोय, दुसरा खिशात बदाम घेऊन फिरतोय.

मला दोघांविषयीही आदर आहे. सामान्य मराठी माणसाला ताटाकडे पाहून विचार करायला लावणे सोपे नाही, ते या दोघांनी केले. पण घड्याळाच्या या भांडणात ताट मागे पडले, असे माझे स्पष्ट मत आहे.

शास्त्र काय म्हणते? प्रागमधल्या एका अभ्यासात टाइप २ मधुमेहाच्या ५४ रुग्णांना बारा आठवडे दिवसातून दोन मोठी जेवणे (सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण) आणि बारा आठवडे सहा छोटी जेवणे दिली. दोन्हीत कॅलरी सारख्याच. दोन जेवणांच्या काळात वजन सरासरी ३.७ किलोने कमी झाले, सहा जेवणांच्या काळात २.३ किलोने. दीक्षित पंथीयांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत, कारण दुसरा अभ्यास चीनमधल्या ग्वांगझौचा आहे. तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. १३९ स्थूल माणसे, पूर्ण एक वर्ष. सगळ्यांच्या कॅलरी कमी केल्या. निम्म्यांना सांगितले की सकाळी आठ ते दुपारी चार यातच खा, बाकीच्यांना वेळेचे बंधन नाही. वर्षअखेर पहिल्या गटाचे वजन ८ किलोने आणि दुसऱ्याचे ६.३ किलोने घटले, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. म्हणजे वेळ पाळण्याचा थोडाफार उपयोग असू शकतो, मुख्य काम मात्र एकूण किती खाल्ले याने होते. मधल्या वेळेचे फरसाण, चहा-टोस्ट, उरलेली पोळी हे सगळे बंद झाले की दोनदा जेवणाऱ्याचे वजन उतरते. त्यात जादू नाही. आणि ज्याला दोनदा जेवून सुख वाटते त्याने खुशाल दोनदा जेवावे.

एका गोष्टीवर मात्र मी हटून बसतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर माझ्याशी, म्हणजे तुमच्या डॉक्टरशी, बोलल्याशिवाय जेवण बंद करायचे नाही. शेजारणीचे ऐकून सकाळची न्याहारी सोडली, पण सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी सवयीने घेतली आणि अकरा वाजता भाजीबाजारात घाम फुटून खाली बसल्या, अशा काकू दर वर्षी एखादी तरी येतात. अशी गोळी पोटात अन्न आहे की नाही हे बघत नाही, ती आपले काम करून साखर खाली आणते. हातापायांना थरथर, छातीत धडधड, दरदरून घाम, डोक्यात गोंधळ असे झाले तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी साखर तपासा आणि मग काही खायला द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखान्यात आणा. जेवणाची पद्धत बदलायची असेल तर गोळ्यांची मात्रा आधी बदलावी लागते. एवढे लक्षात ठेवले तर बाकी वाद चालू द्या.

आता ताटाकडे वळू.

अकोल्याच्या एमआयडीसीत चक्कर मारली तर डाळ मिलचा तो भाजका, धुळकट वास येतोच. तूर, हरभरा, मूग भरडून देशभर पाठवणारे हे शहर. इथल्याच पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तुरीचा पीकेव्ही-तारा आणि हरभऱ्याचा जाकी असे वाण शेतकऱ्यांच्या हाती दिले. म्हणजे डाळीच्या बियाण्यापासून पोत्यापर्यंत सगळे इथे आहे. आणि याच शहरातल्या शाकाहारी घरात मी जेव्हा विचारतो की चार माणसांच्या वरणाला डाळ किती घालता, तेव्हा उत्तर येते, "मूठभर." पाहुणा आला की? "मंग पानी वाढवतो नं!"

मिलमध्ये डाळ वेगळी झाली की चुनी उरते, ती म्हशीला जाते. म्हशीच्या वाट्याला चुनी, आपल्या वाट्याला पिवळे पाणी, असे मी कधी कधी चेष्टेने म्हणतो. पेशंट हसतात, पण हिशेब केला की हसू थांबते. कोरड्या तूरडाळीत शंभर ग्रॅमला साधारण २२ ग्रॅम प्रथिने असतात. माणशी तीस ग्रॅम डाळ घातली तर एका वाटीतून साडेसहा ग्रॅम मिळतात. मूठभर डाळ चौघांत वाटली तर एकेकाच्या वाटीत दोन ते तीन ग्रॅमच्या वर काही येत नाही. वाटी तीच, रंग तोच, चवही जवळपास तीच, कारण चव फोडणीची असते.

प्रौढ माणसाला रोज किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, असे आयसीएमआरचे प्रमाण आहे. साठ किलोच्या बाईला पन्नास ग्रॅम. वजन उतरवायचे असेल तर मी थोडे जास्तच सांगतो, कारण कमी खाताना शरीर चरबीबरोबर स्नायूही जाळते, आणि पुरेशी प्रथिने आणि व्यायाम नसेल तर स्नायूंचा वाटा वाढतो. वजनकाटा खाली जातो, लोक अभिनंदन करतात, पण जिना चढताना मांड्या लटलटतात. मग कंटाळून पूर्वीसारखे खाणे सुरू झाले की चरबी परत येते, स्नायू काही आपोआप परत येत नाहीत. दोन-तीन वेळा असे "डाएट" केलेली माणसे पूर्वीइतक्याच वजनात पूर्वीपेक्षा अशक्त असतात.

आपण मुळातच स्नायूंच्या बाबतीत गरीब. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे एक छायाचित्र वैद्यकीय जगात गाजलेले आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. शेजारी उभे आहेत ते इंग्लंडचे डॉ. युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे आणि कागदावर उत्तम. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार. हातपाय काड्या आणि पोट पुढे, ही आपली ठेवणच आहे. म्हणून आपल्यासाठी बीएमआय २३ ला जास्त वजन आणि २५ ला स्थूलता मोजतात, परदेशी तक्त्यातले २५ आणि ३० आपल्याला लागू नाहीत. त्याहून सोपे म्हणजे कंबर मोजा. पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८० च्या आत. शिंप्याकडची टेप पुरते. पोट आत ओढून मोजू नका, टेपला फसवून काही मिळत नाही.

"मी तं कायीच खात नाई"

हे वाक्य खोटे असते असे मी मानत नाही. बाई खरेच कमी जेवते. सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खाते. पण काय उरते ते बघा. पोळ्या उरतात, भात उरतो, भाजीतला आलू उरतो, वरणाच्या गंजात तळाशी पाणी उरते. उसळीचा दाणा, दह्याची वाटी आधीच नवऱ्याच्या आणि लेकरांच्या ताटात गेलेली असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले, आणि त्याच वेळी सुमारे २३ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा जास्त वजनाच्या होत्या. या दोन्ही गोष्टी एकाच बाईत दिसतात तेव्हा लोकांना नवल वाटते. वजन ७६, हिमोग्लोबिन ८.५. खाल्लेले जास्त आणि पोसलेले कमी, अशी ही अवस्था.

एका ठरावीक दिवसाचा हिशेब मांडून दाखवतो. सकाळी साखरेचा चहा आणि दोन टोस्ट. नऊ वाजता प्लेटभर पोहे. दुपारी तीन पोळ्या, आलू-वांग्याची तर्रीदार भाजी, भात, पातळ वरण. चारला पुन्हा चहा, सोबत चिवडा. रात्री दोन भाकरी आणि आळणं. हे काही खादाड माणसाचे खाणे नव्हे, साधे वऱ्हाडी घरचे खाणे आहे. कॅलरी एकोणीसशे-दोन हजारांच्या आसपास, प्रथिने कशीबशी चाळीस ग्रॅम. आयसीएमआरच्या देशभर केलेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतीयांच्या एकूण कॅलरींपैकी ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात असे दिसले. आपल्या वरच्या ताटात याहून वेगळे काय आहे?

आता हाच स्वयंपाक, हीच बाजारहाट, फक्त प्रमाण बदलू. सकाळी मुगाची दोन धिरडी. दुपारी दोन पोळ्या, घट्ट वरण, भाजी, दीड वाटी दही. चारला मूठभर फुटाणे आणि बिनसाखरेचा चहा. रात्री एक भाकरी, पिठलं आणि एखादी पालेभाजी, झोपण्याआधी कपभर दूध. प्रथिने पंचावन्नच्या घरात जातात आणि कॅलरी चौदाशेच्या आसपास येतात. यात परदेशी एकही वस्तू नाही. किनोआ नाही, ओट्स नाही, डब्यातली पावडर नाही. भाकरी सोडलेली नाही, भाताचा तेवढा मोह आवरला आहे. यात दोन जेवणे बसवायची तर तीही बसतात, फुटाणे जेवणातच घ्या.

डाळ महाग आहे, हे मला माहीत आहे. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशेवर गेली तेव्हा अनेक घरांतली पातळ वरणाची सवय पक्की झाली आणि भाव उतरल्यावरही ती गेली नाही. पण तूरच खाल्ली पाहिजे असे कुठे आहे? हरभरा डाळ, मूग, मोट, बरबटी, मसूर, सगळ्यांत प्रथिने जवळपास तेवढीच. आपल्या शिवारात सोयाबीन पसरले आहे, त्याच्या वड्यांत तर निम्मी प्रथिने असतात. आणि हिवाळ्यात तुरीचे सोले, हुळा, ओला वाटाणा यांची चंगळ असते, तेव्हा सोल्यांची आमटी आठवड्यातून दोनदा तरी व्हावी. घरातला फरसाण-बिस्किटांचा महिन्याचा खर्च एकदा कागदावर लिहून पाहा, त्यात डाळीचे पैसे निघतात.

"डाळीनं ग्यासेस होते" ही तक्रार खरी आहे, पण ती बहुधा एकदम वाढवल्याने होते. डाळ आणि कडधान्य भिजवून, पाणी फेकून शिजवा, हिंग-ओवा घाला आणि दर आठवड्याला थोडी थोडी वाढवा, आतड्यांना सवय होते. युरिक ॲसिडच्या भीतीने डाळ बंद केलेले बरेच जण भेटतात. वनस्पतींतल्या प्युरिनमुळे गाऊटचा धोका वाढल्याचे मोठ्या अभ्यासात दिसलेले नाही, तो वाढतो दारू, मांस आणि गोड पेयांनी. किडनीचा आजार असेल तर मात्र प्रथिने किती घ्यायची हे डॉक्टरनेच ठरवायचे. क्रिॲटिनिन वाढलेल्यांनी हा लेख वाचून वरण घट्ट करू नये.

उपवासाचे वजन

शाकाहार म्हणजे आपोआप हलका आणि सात्त्विक आहार, ही आपली लाडकी समजूत. त्यातून उपवास म्हणजे तर दुधात साखर. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, वर श्रावण आणि चातुर्मास. एक मावशी मला म्हणाल्या, "आठवड्यातून तीन दिवस उपाशी असतो जी, तरी अंग कायले सुटते?" मी विचारले, खिचडी किती? कढईभर केली की दोघांत संपते.

पाऊण वाटी साबुदाणा, मूठभर दाण्याचा कूट, एक आलू आणि चमचाभर तूप, एवढ्या ताटलीत सहाशेच्या आसपास कॅलरी होतात. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नाहीतच, तो निव्वळ पिष्ट आहे. त्यावर केळी, वेफर्स, राजगिऱ्याचा लाडू. रोजच्या दोन जेवणांहून उपवास जड. मी कुणाच्या श्रद्धेत हात घालत नाही, उपवास करा, पण मग उपवासच करा. ताक, फळे, दूध, दही. खायचेच तर राजगिऱ्याच्या पिठाचे थालीपीठ किंवा भगर आणि दाण्याची पातळ आमटी, बेताने.

तेलाचेही असेच. लोक मला तुपाविषयी विचारतात, तेलाविषयी कुणी विचारत नाही. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच किलो तेल लागत असेल तर माणशी दिवसाला चाळीस ग्रॅमच्या वर जाते, म्हणजे पावणेचारशे कॅलरी. दोन हजार कॅलरींच्या आहारात सत्तावीस ग्रॅमपर्यंत तेल-तूप पुरे, असे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आपल्या भागात भाजीवर तर्री तरंगली नाही तर स्वयंपाक बेचव म्हणतात. तर्री वाढताना वरची बाजूला करा. झुणक्याला पळीने तेल घालायचे ते चमच्याने घाला. जवसाची, तिळाची, शेंगदाण्याची चटणी चमचाभर जरूर खा, वर कच्चे तेल ओतू नका. कचोरीबद्दल मी काही बोलत नाही. शेगावला जाल तेव्हा एक खा आणि मन भरून खा, गाडी थांबवून डझन बांधून आणू नका.

शाकाहाऱ्यांनी एक तपासणी विसरू नये. बी १२ हे जीवनसत्त्व डाळीत, भाजीत, धान्यात नसते, शाकाहाऱ्याला ते दूध-दह्यातूनच मिळते. त्यात वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन चालू असेल तर ते आणखी घटते. हातापायांना मुंग्या, विसराळूपणा, थकवा याला लोक "साखरेमुळे" म्हणून सोडून देतात. आणि जेवणावर चहा नको. चहा डाळीतले, पालेभाजीतले लोह अडवतो. जेवणात लिंबू पिळा, आवळा खा, तो लोहाला आत घेऊन जातो.

व्यायामाचे काय

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी जुन्या शहराचा नूर बघण्यासारखा असतो. गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी खांद्यावर घेऊन कावडधारी राजराजेश्वराला येतात. सतरा-अठरा किलोमीटर, अनवाणी, भरण्यांचे ओझे घेऊन, रात्रभर. त्यातली कित्येक पोरे माझी पेशंट आहेत. पंचवीस-तीस वयाची, पोट सुटलेली, काहींचा रक्तदाब आत्ताच चढा. त्या एका रात्री ती जे करतात ते पाहून मी थक्क होतो. अंगात ताकद आहे, सोबत आहे, कारण आहे. मंगळवारपासून जयहिंद चौकात जायलाही मोटरसायकल.

चालण्याने किती उतरते हे स्पष्ट सांगतो, म्हणजे अपेक्षाभंग होणार नाही. पासष्ट किलोचा माणूस एक किलोमीटर चालला की साधारण पन्नास कॅलरी खर्च होतात. चार किलोमीटरचे दोनशे. परतताना टपरीवर चहा आणि आलुबोंडा झाला की हिशेब बरोबरीत. म्हणून नुसते चालून वजन फारसे उतरत नाही, ते ताटातून उतरते. मग चालायचे कशाला? साखर, रक्तदाब, झोप, मूड, हृदय यांच्यासाठी, आणि उतरलेले वजन खालीच राहावे म्हणून. आठवड्याला किमान दीडशे मिनिटे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. दीक्षितांच्या योजनेतले पंचावन्न मिनिटांचे जेवण सगळ्यांना पाठ आहे, पंचेचाळीस मिनिटांचे चालणे मात्र सोयीने विसरले गेले आहे.

आमच्या अकोल्यात अडचण खरी आहे. एप्रिल-मे मध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, सकाळी सातलाच ऊन चटका देते. तेव्हा साडेपाचला निघा, सहा-सव्वासहाला परत या, नाहीतर रात्री जेवणानंतर गल्लीत अर्धा तास. पाणी पिऊन निघा. जुन्या शहरातल्या अरुंद गल्ल्यांत, मोकाट कुत्र्यांत आणि गाड्यांच्या गर्दीत बायकांनी चालायचे कुठे, हा प्रश्न माझ्याकडच्या औषधाने सुटणारा नाही. मोर्णेकाठची घाण काढायला जानेवारी २०१८ मध्ये हजारो अकोलेकर एकत्र आले, पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचे नाव घेतले. तोच उत्साह दोन्ही काठांवर दिवे असलेल्या, सुरक्षित पायवाटा टिकवण्यासाठी दिसला तर माझ्या शंभर चिठ्ठ्यांपेक्षा जास्त उपयोग होईल. डॉक्टर "चाला" म्हणतो तेव्हा चालायला जागा आहे, असे त्याने गृहीत धरलेले असते.

"दिवसभर घरकाम करतो, तेच व्यायाम नाही का?" हा प्रश्न बायका विचारतात. घरकामाने थकवा येतो, यात शंका नाही. नळ येतो त्या दिवशी भरलेल्या बादल्या उचलणे हे वजन उचलणेच आहे. पण ते तुटक तुटक असते आणि एकाच बाजूने, वाकून होते. त्याने कंबर धरते, दम वाढत नाही. म्हणून आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम वेगळा हवा. त्यासाठी जिम नको. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून हे शिकवते आहे, त्यांचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आले. जोर आणि बैठका ही वऱ्हाडची जुनी दौलत. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. जोर जमत नसतील तर भिंतीला हात टेकून करा, मग ओट्याला, मग जमिनीवर. दोन लिटरच्या भरलेल्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन वर-खाली करा. आधी तीन वेळा दहा-दहा, मग वाढवा. छातीत दुखणे, धाप, चक्कर असेल किंवा हृदयाचा त्रास झालेला असेल तर आधी तपासून घ्या.

२०२५ पासून सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड ही वजन उतरवणारी इंजेक्शने आपल्याकडे मिळू लागली आहेत आणि अकोल्यातही विचारणा सुरू झाली आहे. योग्य रुग्णाला ती चांगली आहेत. पण ती भूक मारतात, आणि मेलेल्या भुकेत जर पुन्हा दोन पोळ्या आणि पिवळे पाणीच गेले तर स्नायूंचे काय होणार ते वर लिहिलेच आहे. इंजेक्शन घेणाऱ्याला तर वरण अधिकच घट्ट लागते.

वजन महिन्याला दोन किलोच्या वर उतरवायच्या भानगडीत पडू नका. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, अठरा वर्षांखालच्या मुलामुलींनी आणि पूर्वी खाण्याचे विकार झालेल्यांनी वजन उतरवण्याचा कुठलाही प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, बी १२ आणि क्रिॲटिनिन एकदा बघून घ्या. रिपोर्ट आणताना सोबत एक चिठ्ठी आणा: घरात माणसे किती, महिन्याला तेल किती किलो, साखर किती आणि डाळ किती. चिठ्ठी घरात स्वयंपाक करणाऱ्याने लिहिलेली असावी, आणि शक्य असेल तर तिलाच सोबत घेऊन या, तिची कंबर आणि तिचे हिमोग्लोबिनही त्याच दिवशी पाहून घेऊ.